दहाव्याचं मॅटर

अमृतनं काउंटरवर आधार कार्ड ठेवलं आणि म्हणाला, "दहाव्याचा बोर्ड करायचाय. चार बाय सहा." मी मान वर केली नाही. असे दिवसाला तीन-चार येतात. मेलेल्याचं कार्ड पुढं करायचं, साइज सांगायची आणि भिंतीवरच्या नमुन्यांकडं बघत उभं राहायचं. ओळखीचा आवाज होता, पण जुन्नरात मला सगळेच आवाज ओळखीचे वाटतात, सगळे एकाच घशातून आल्यासारखे. कार्ड स्कॅनरवर पालथं घातलं. स्क्रीनवर आधी कपाळ आलं, मग कुंकू, मग चष्मा असूनही न दिसणारे ते दोन डोळे, मग हनुवटीवरचं गोंदण. बायडाबाई. अमृतची आई. मागं मशीन चालू होतं. कुठल्या तरी भावी आमदाराचा वाढदिवस छापून चालला होता, गळ्यातल्या साखळीपर्यंत आला होता, आणि मला वाटलं, हे मशीन आता थांबलं पाहिजे, निदान अर्धा मिनिट. ते थांबलं नाही. मीच थांबवू शकत होतो. मीही थांबवलं नाही.

"कधी?" मी विचारलं. "परवा, पाटंचं," अमृत म्हणाला. "काल सावडलं." "मला कळवायचं नाही?" "रेंज कुठं हाय सुन्या घाटघरला? तुझा बा व्हता की समद्याला. लाकडं त्यानंच रचली." म्हणजे जाळलीसुद्धा. ती आठ दिवस लेकाकडं जाऊन येते म्हणून गेली होती आणि मी इथं रोज दुपारी दोन वाजता मागच्या दाराची कडी काढून ठेवत होतो. आतून दुकानाचे मालक कल्पेशशेठ आले, स्क्रीनकडं बघून म्हणाले, "अरे! ही तर आपली बायडी!" आपली. वीस वर्षं त्यांच्या घरची भांडी घासली तिनं. त्यांच्या आईचा, भंवरीबाईंचा, जीव होता तिच्यावर, असं सगळे म्हणतात. आणि त्या जीवापोटी तिचा चहाचा कप वेगळा, न्हाणीच्या खिडकीत पालथा घातलेला असायचा. साठीची बाई. पस्तिशीचा हा माणूस तिला बायडी म्हणतो आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी येतं. हे पाणी खोटं असतं तर किती सोपं झालं असतं. "बोर्ड आपल्याकडून," ते म्हणाले. "सुनील, मॅटर चांगलं टाक. ती नेहमीची ढापाढापी नको."

तर मॅटर. आमच्या धंद्यात माणूस मेला की त्याचं मॅटर होतं. कमळ, समई, वर मधोमध ॐ, खाली चार ओळी, त्याखाली दहाव्याची तारीख, प्रवचनकाराचं नाव आणि शोकाकुल म्हणून अख्खी भावकी. त्या चार ओळी मी करतो. नववी नापास माणूस आहे मी, रद्दीच्या गठ्ठ्यातून वाचायला शिकलेला, पण राजुरीपासून पिंपरी पेंढारपर्यंत जे जे मेले त्यांच्यासाठी मी हुंदके पुरवलेत. एकाही मेलेल्यासाठी मला काही वाटलेलं नाही. वाटायचं काय? ज्या बापाला लेकानं गोठ्यात खाट टाकून दिली होती त्याच्या फोटोखाली मी "तुझ्या सावलीत वाढलो" टाकलंय, आणि लेक ते वाचून काउंटरवर रडलाय.

बायडाबाई दुपारी यायची. भंवरीबाई झोपल्या की दोन ते चार तिला मोकळे. मागच्या दारानं आत यायची, शाईच्या उग्र वासाला नाक मुरडायची, फ्लेक्सच्या रिकाम्या नळकांड्यांवर बसायची आणि लुगड्याच्या घडीतून ते पुस्तक काढायची. पुस्तकाला पुठ्ठा नव्हता. पहिली काही पानं वाळवीनं खाल्लेली, त्यामुळं कवी कोण, कुठला, कळायला मार्ग नाही. सगळी येशूची गाणी, पण अशी की ऐकणाऱ्याला जात्यावर बसल्यासारखं वाटावं. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून अक्षरं पळायला लागली होती. "वाच लेका," ती म्हणायची, "माजं तोंडपाट हाय, पन तोंडपाट आन वाचलेलं यगळं." पहिल्या दिवशी मी हसून म्हणालो होतो, "आत्या, कुठल्या मिशनऱ्यानं गाठलं तुला? पीठ किती देतो महिन्याला?" ती रागावली नाही. म्हणाली, "पीठ दिलं असतं त सांगितलं नसतं का तुला? तुलाबी आनलं असतं." मला देव नको होता. कुठलाच. आमच्या वरच्या डोंगरात पावसाळाभर जगाचं पाणी अंगावरून वाहतं आणि चैत्रात बाया झऱ्यापाशी वाटी घेऊन रांगेत बसतात. ज्यानं ही व्यवस्था लावली त्याच्याशी माझं बोलणं बंद होतं. पण त्या दिवशी पान उघडलं तिथं नेमकी ओळ होती:

'मी तान्हेला' म्हणे तोच, ज्याने नद्या वाहवल्या.

मी ती परत वाचली. ओळ बरी होती म्हणून नव्हे. देवाला तहान लागते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या देवांना नैवेद्य लागतो, बकरं लागतं, कोप होतो. तहान, साधी, घसा सुकल्याची, वाटीभर पाणी मागायची, ती माणसांची गोष्ट. तो खांबावर टांगलेला पाणी मागतोय आणि त्याला आंब, आंबलेला द्राक्षारस, देतात, असं पुढं होतं. बायडाबाई म्हणाली, "झऱ्यावं नंबर नसंल लागला त्याचा." आणि आम्ही दोघंही हसलो. त्या हसण्यात माझं काही तरी बिघडलं. दुसऱ्या दिवशी मीच विचारलं, आणलंस का ते.

दोन वर्षं वाचलं. श्रद्धा वगैरे शब्द तिला येत नव्हते आणि मला ते आवडत नव्हते. आम्ही भांडायचो. मी म्हणायचो, तुझी लेक मेली तेव्हा कुठं होता हा? हे मी बोलायला नको होतं, पण मी बोलतोच. चार वर्षांची पोर तापानं फणफणलेली. देवऋषी म्हणाला, आईच्याच पावलाचा दोष आहे. मग ऐन श्रावणात हिनं तिला घोंगडीत बांधून घाटघरहून चालत निघावं, आणि आपटाळ्याच्या अलीकडं पाठीवरचा ताप थंड व्हावा. तशीच चालत आली जुन्नरपर्यंत. दवाखान्यात प्रतिभाबाई नावाची एक नर्स होती, ख्रिस्ती. "त्या बाईनं पोर उलगडली," बायडाबाई सांगायची, "बगितलं, आन माज्यासंगती खाली फरशीवं बसली. पांडऱ्या कापडात, चिखलात. काय बोलली न्हाई. देव मोटा हाय न्हाई म्हनली, नशीब न्हाई म्हनली. दिवस मावळंस्तवर बसली. मंग मी इचारलं तिला, बाय, तुजा देव कोन हाय?" पुढं त्याच बाईच्या घरी ती स्वयंपाकाला राहिली, अक्षरं शिकली, बाई बदलून गेली तेव्हा हे पुस्तक देऊन गेली. "वाचवली का त्यानं तुझी पोर?" मी परत विचारायचो, जखमेत बोट घालून. "न्हाई वाचवली," ती म्हणायची. "संगती बसला. आपल्या समद्या देवांच्या हातात हत्यारं हायेत बग, सुन्या. ह्याच्या हातात खिळं. मार खाल्लेला देव हाय ह्यो. मला कळतो."

मला कळत नव्हता. पण एखादी ओळ रात्रंदिवस कुसळासारखी टोचत राहायची. एक गाणं पेत्राचं होतं, येशूच्या शिष्याचं. धन्याला धरून नेलंय, बाहेर अंगणात शेकोटी पेटलीय, आणि हा त्याचा सगळ्यात जवळचा माणूस शेकत बसलाय. लोक विचारतात, तू त्याच्यातलाच ना? तो म्हणतो, मी त्याला ओळखत नाही. 'हात शेकले पेत्राचे, मन गोठले आतून.' मला त्या पेत्राची शिसारी आली. भडवा आहे, मी म्हणालो. बायडाबाईनं पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं. "थंडी वाजत व्हती त्याला," ती म्हणाली. "थंडीत मानूस कायबी बोलतो." मला तेव्हा कळलं नाही की ती स्वतःविषयी बोलत होती. चाळीस वर्षं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. पाणी घेतलं नाही, म्हणजे बाप्तिस्मा. देवळात गेली नाही त्यांच्या. गावच्या जत्रेला गुलाल लावून घेतला. अमृत आश्रमशाळेत स्वयंपाकी, कंत्राटावर, कायम होण्याची वाट बघणारा. आईचं असं काही कळलं की जातीचा दाखला जातो, असं कुणी तरी त्याच्या डोक्यात भरवलेलं. खरं-खोटं कुणी तपासलंय? भीतीला कायदा लागत नाही. खालच्या एका खोऱ्यात घरात प्रार्थना करत बसलेल्या माणसांवर पोरं मोबाईल घेऊन घुसली होती. त्या घराला अजून कुणी लग्नाची पत्रिका देत नाही.

दिवाळीनंतरची गोष्ट. शेवटलं गाणं वाचून झालं आणि ती म्हणाली, "सुन्या, मी मेल्यावं जाळा, पुरा, काय करायचं ती करा. मेल्याला काय कळतंय? पन दहाव्याला समदी भावकी जमती. तितं ह्ये वाच. नावानिशी वाच. मी कुनाची व्हते ती एकदा कळू दे त्यांला. जिती हाय तवर माज्यानं न्हाई झालं." मी म्हणालो, वाचीन. इतकं सोपं म्हणालो की आता त्या सोपेपणाचीच लाज वाटते. फुकटचा शूर होतो. ती मरणारच नव्हती ना त्या दुपारी.

अमृत चहाला गेला. स्क्रीनवर तिचा फोटो, पाठीमागं कापून काढलेलं पांढरं. मी ॐ काढला. मग परत ठेवला. मग खाली त्या शेवटल्या गाण्याच्या दोन ओळी टाइप केल्या:

वाट संपली रे येशू, पाय माझे धूळभरे
तुझे खिळ्यांचे हे हात, तेच घर माझे खरे

चार बाय सहात ते फार मोठं दिसत होतं. मी फॉण्ट लहान केला. लहान करून काय होणार होतं? मला बापाचं अंगण दिसलं, अंगणात रूपाली, माझी बहीण. माघात तिचं लग्न, गेणभाऊच्या पुतण्याशी, आणि गेणभाऊ म्हणजे घाटघरचा शेवटचा शब्द. मला कुणी धमकी दिली नव्हती. कल्पेशशेठनी बघितलंही नव्हतं. दुकानात माझ्याशिवाय कुणी नव्हतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. मी 'येशू' खोडून तिथं 'देवा' टाकलं. चाल मोडली नाही. मग 'खिळ्यांचे' राहिलं. खिळे राहिले असते तर कुणी तरी विचारलं असतं, कुठल्या देवाच्या हातात खिळे असतात? मी तिथं 'सावळे' केलं. तुझे सावळे हे हात. इतकं बरोबर बसलं की माझ्याच अंगावर काटा आला. खिळे उपसले मी त्याचे, खाली उतरवला आणि रंग देऊन आपल्यात उभा केला. अमृतनं येऊन वाचलं, ओठ हलवत, दोनदा. म्हणाला, "आईला आवडलं असतं." मी प्रिंट दिली. मनाशी म्हणालो, बोर्डाचं सोड, बोर्ड म्हणजे बोर्ड. तिथं तोंडानं वाचीन, नावानिशी.

दहाव्याची सकाळ, पौषातली थंडी. नाणेघाटाकडून वारा असा येत होता की ओढ्याकाठी बोर्ड बांधलेला बांबू दोन जणांना धरावा लागला. आमच्या डोंगरात पूर्वी हे माइक, प्रवचन, श्रद्धांजलीची भाषणं काही नव्हतं. खालच्या बागायती गावांचं बघून वर चढलं. आता भांडी घासणारी बाई मेली तरी खालून जीप भरून पुढारी येतो. महाराजांचं झालं. मग गेणभाऊनं माइक घेतला आणि बोर्डाकडं वळून, हात जोडून, त्या दोन ओळी वाचल्या. चांगल्या वाचल्या. माझ्यापेक्षा चांगल्या. बाया पदराला डोळे पुसत होत्या. "अशी माउली," गेणभाऊ म्हणाला, "सावळ्याच्या हातात घर बघणारी! नायतर आजकाल लोकं पिठासाठी धर्म इकत्यात." टाळ्या दहाव्याला वाजवत नाहीत, म्हणून नुसत्या माना हलल्या. माझी मान हलली का ते मला आठवत नाही. पुस्तक माझ्या स्वेटरच्या आत होतं, छातीला त्याचा कोपरा टोचत होता. तिनं गावी जाताना ते माझ्यापाशी ठेवलं होतं.

पिंड ठेवले. कावळे हिरड्याच्या झाडावर होते, पाच-सहा. खाली उतरेनात. अर्धा तास गेला, पाऊण गेला. मग आमच्यात जे करतात ते सुरू झालं: मेल्याची इच्छा ओळखायची आणि तिला मोठ्यानं शब्द द्यायचा. अमृत हात जोडून म्हणाला, "आये, घराचं पत्रं बदलीन." कावळा हलला नाही. कुणी म्हणालं, "बायडे, अमृत कायम झाला की गावजेवान घालू." कुणी म्हातारी पुढं झाली, "लेकीत जीव आडाकला आसंल, तिच्या नावानं साडी नेसवू एखादीला." एक जण मागनं पुटपुटला, "भंवरीबाईचा कप राह्यला आसंल घासायचा," आणि चार जण तोंडावर हात ठेवून हसले. थंडीनं पाय बधिर झाले होते. मला कावळ्यांचं काही देणंघेणं नाही. बायडाबाईलाही नव्हतं. भूक असेल तर खातील, नाही तर नाही. पण तिथल्या दीडशे माणसांत तिची इच्छा कोणती हे एकट्याला माहीत होतं, आणि तो एकटा शेवटच्या ओळीत, बगलेत हात खुपसून उभा होता.

अमृत वळला. सगळ्यांमधून त्यानं मलाच हुडकून काढलं. "सुन्या," तो ओरडला, "तुज्याकडं बसायची की रं ती दुपारची. तुला काय म्हनली व्हती का? काय राह्यलंय तिचं?" दीडशे तोंडं माझ्याकडं वळली. बापाचं तोंड, गेणभाऊचं तोंड. अमृतच्या डोळ्यांत खरी विनवणी होती. त्याला आईला सोडवायचं होतं, बस. मी काही तरी बोलायला तोंड उघडलं, थंड हवा दातांना लागली, आणि मी म्हणालो, "मला? नाही बा. भांडी घासून दमायची, येऊन बसायची नुसती." इतकंही पुरलं असतं. पण मी पुढं म्हणालो, "माझा काय एवढा संबंध नव्हता."

महाराजांनी घड्याळ बघितलं. दर्भाचा कावळा वळला, पिंडाला शिववला, आणि लोक हात झटकत भाताकडं वळले. खरे कावळे झाडावरच होते. गेणभाऊनं जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारली. "बोर्ड लई झाक केला राव. लग्नाची पत्रिका बी तूच लिव्ह." मी जेवलो. वरण कडकडीत होतं, थंडीत बरं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

तेव्हापासून एक गोष्ट मला सोडत नाही. मी आयुष्यभर देवांना नाही म्हणत आलो. चावडीवर, देवळात, बापाच्या तोंडावर. जीभ कधी अडली नाही, उलट चव यायची. मग ओढ्यावर ते एक 'नाही' काढताना घसा का सुकला? जो नाहीच त्याला नाकारून माणसाला असं आतून रिकामं का व्हावं? मी हे रोज दुपारी दोन वाजता स्वतःला विचारतो. उत्तर सरळ आहे आणि ते मला नको आहे. आता कुणी विचारलं तर मी छाती ठोकून सांगूही शकत नाही की माझा विश्वास आहे. ज्या तोंडानं सांगायचं ते तोंड मी दीडशे माणसांसमोर खर्चून बसलो. पुस्तक ड्रॉवरमध्ये आहे. वाचायला घेतलं की माझाच आवाज ऐकू येतो, आणि मी ते मिटतो. दोघांशिवाय ते वाचता येत नाही.

आठवड्यानं पिंपरी पेंढारचा एक माणूस आला. बाप वारला होता, वय ब्याण्णव, गळ्यात उपरणं घातलेला फोटो त्याच्या व्हॉट्सॲपला होता. भिंतीवरचे नमुने त्यानं बघितलेच नाहीत. "त्या घाटघरच्या बाईच्या बोर्डावं व्हतं न्हाई का, सावळ्या हाताचं? आमच्या पावण्यानं फोटो दावला. तेच टाका." आतून कल्पेशशेठ म्हणाले, "सुनील, ते सेव्ह करून ठेव. चालणार ते." मी फाइल उघडली, बायडाबाईचा फोटो काढला, दोन ओळी तशाच ठेवल्या. माणूस वाकून स्क्रीनवर वाचत होता, त्याच्या ओठांचा आवाज मला ऐकू येत होता. "लई गोड हाय," तो म्हणाला. "कुनाचं हाय वो हे? कंच्या संताचं?"

"कुणाचं नाही, पावणं," मी म्हणालो. "दुकानाचंच आहे."

आणि त्याला म्हणालो, फोटो पाठवा.